पाचवा इसम

उजव्या मनगटाला प्लास्टर होतं, म्हणून मी फिर्याद लिहून घ्यायला हमीदभाईंकडे गेलो. एरवी माझा अर्ज मीच लिहितो. पाटबंधारे खात्यात तेव्हा माझी एकोणीस वर्षं कारकुनीत गेली होती आणि माझ्या आकड्यावर कोणत्याही साहेबानं लाल शाई फिरवली नव्हती. पण डाव्या हातानं मला सही येत नाही, तिथे फिर्याद कुठून येणार?

ती वर्षं आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वाईट होती. आधी बोंडअळी, मग पावसाची दडी, आणि त्यातून जो कापूस घरात आला तो घालायलाही रांग. मी माझ्या सात एकरांतला कापूस बैलगाडीत भरून खरेदी केंद्रावर गेलो होतो. तीन दिवस रांगेत बसलो. केंद्र उघडलं नाही. चौथ्या दिवशी भरली गाडी तशीच माघारी वळवली. दुपारी चारच्या सुमारास गावाअलीकडच्या नाल्याच्या रपट्यावर, त्या ठेंगण्या पुलावर, माणसं आडवी आली. तोंडाला दुपट्टे बांधलेले. एकानं काठी घातली ती माझ्या मनगटावर बसली आणि मी गाडीवरून खाली पडलो. दोन गाठोडी ओढून ती माणसं शेजारच्या पऱ्हाटीत, कापसाच्या उभ्या पिकात, शिरली. या सगळ्या वेळात एक माणूस बैलांची वेसण धरून उभा होता. त्याचं तोंड उघडं होतं. तो नाल्यापलीकडच्या पोडावरचा, आदिवासी वस्तीवरचा भीमा. आमच्या शिवारात वखरणी-डवरणीला यायचा. मी त्याला नावानिशी ओळखत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमीदभाईंच्या समोर बसलो. त्यांनी कागद, कार्बन, कागद असा थर मशीनवर चढवला, कडा जुळवल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"लिहा," मी म्हटलं. "चार-पाच जण होते."

त्यांनी बोटं टाइपरायटरवरून उचलली.

"चार का पाच, बाबू?"

"चार-पाच म्हणजे... पाच. भीमा धरून पाच. लिहा पाच."

"चार असले तं जबरी चोरी. पाच झाले का तिचं नाव बदलते, दरोडा होते. मंग जन्मठेपेपर्यंत जाते. आन् पाच जनायतलं तोंड तुमी एकाचंच पाह्यलं."

पुढचं त्यांनी बोलायची गरज नव्हती. बाकीचे चौघे सापडोत न सापडोत, भीमा दुपारपर्यंत आत गेला असता. माझा एक आकडा त्याच्या डोक्यावर जन्मठेपेची टांगती तलवार ठेवणार होता. तरीही माझ्या मनगटात ठणका होता आणि मी चिडून म्हटलं, "मी मोजतो तवा बरोबर मोजतो, हमीदभाई. पाच माणसं होती. खोटं नाही."

"मानसं पाच होते, हे मी कुठं नाही म्हनून राह्यलो?" ते म्हणाले. "चोर किती होते ते विचारलं." आणि त्यांनी चहा मागवला. कागद मशीनवर तसाच राहिला.

त्यांच्या या वागण्याचं मला नवल वाटायला नको होतं. आमचं ऑफिस त्यांच्या जागेपासून साठ पावलांवर, आणि मधल्या सुट्टीचा चहा मी आठ वर्षं त्यांच्याच ओट्यावर घेत होतो. तालुक्याचं ठाणं आणि कोर्ट यांच्या मधोमध बियाण्यांचं एक दुकान होतं, ते त्या वर्षांत बंद पडलं होतं. त्याच्या ओट्यावर हमीदभाईंचं टेबल. ते अर्जनवीस. मॅट्रिक झाल्यावर एका वकिलाकडे नकला करायला लागले, वकील वारले, तेव्हा त्यांचा टाइपरायटर घेऊन ओट्यावर येऊन बसले. कायद्याची पदवी नाही. पण नवे वकील कोर्टात शिरण्याआधी त्यांच्या टेबलापाशी सहज उभे राहिल्यासारखे उभे राहत, आणि जाताना त्यांचा चेहरा मोकळा झालेला दिसे.

त्या मशीनचं 'ळ' अक्षर तुटलेलं होतं. हमीदभाई तेवढी जागा मोकळी सोडत आणि शेवटी काळ्या पेनानं भरत. 'यवतमाळ' हा शब्द त्यांच्या प्रत्येक कागदावर अर्धा छापील, अर्धा हाताचा. मी एकदा म्हटलं, दुरुस्त करून घ्या की. तर म्हणाले, "कायले? मशीन आपलं वऱ्हाडी हाय. डोये म्हनते, काया म्हनते. त्याले 'ळ' येत नाही तं मी काय करू?"

लिहून झालं की ते पूर्ण कागद मोठ्यानं वाचून दाखवत, ओळीखाली बोट धरून. समोरचा नुसता मान हलवत राहिला की थांबत. "काय वाचलं मी? सांग." त्याला सांगता आलं नाही, की पुन्हा पहिल्यापासून. तहसीलचा शिपाई त्यांना चिडवायचा, "चाचा, तुमी अर्ज लिहिता का परीक्षा घेता?" ते म्हणायचे, "तू पास झालाच नाही ना कधी, म्हनून तुले सारं परीक्षा वाटते."

गुन्ह्यांचे प्रकार त्यांनी मला स्वतःच्या छत्रीवर शिकवले. ती छत्री टेबलाच्या पायाला टेकलेली असे. "मी तिकडं पाहून राह्यलो आन् तुमी ही उचलली, तं चोरी. मले काठी मारून नेली, जबरी चोरी. 'उद्या छत्री आनून दे, नाही तं पाय मोडतो' म्हटलं आन् मी भीतीनं आपल्या हातानं देली, तं खंडणी. मी तुमच्यापाशी ठेवाले देली आन् तुमी घरीच वापराले काढली, तं अपहार. साहेबानं बलावलं म्हनून खोटं सांगून मागून नेली, तं फसवनूक. छत्री एकच हाय. माह्या डोक्यावर ऊन तेवढंच लागते. पन हातातून कशी गेली, त्याच्यावर तिचं नाव."

"आणि मी तुमची छत्री माझी समजून नेली तर?"

"तं तुमी बावयट हा. बावयटपना गुन्हा नाही."

या शेवटच्या वाक्यावर ते फार भर देत. एक बाई दिराविरुद्ध चोरीची तक्रार घेऊन आली होती. दिरानं फवारणीचा पंप नेला. हमीदभाईंनी विचारलं, "माय, त्यानं नेला का चोरला?" बाई चिडली. दोन्हीत फरक काय? त्यांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, पंप सासऱ्याच्या हयातीतला, दोघा भावांचा. दिराला वाटलं आपला, तो सगळ्यांसमोर दिवसाढवळ्या खांद्यावर टाकून घेऊन गेला. "मंग हे भांडन हाय माय, चोरी नाही. चोर लपवते. ह्यानं तं मिरवत नेला. भांडनाले वेगळं कोर्ट हाय, त्या खिडकीत जा." बाई बडबडत गेली. आठ दिवसांनी दीर पंप आणून टाकून गेल्याचं तिनंच येऊन सांगितलं.

दुसरा एक म्हातारा. भावकीतल्या कोणीतरी थोबाडीत मारली, दात पडला. दात तुटला की कायद्यात ती गंभीर दुखापत होते, हे म्हाताऱ्याला कोणीतरी शिकवून पाठवलं होतं. दात त्यानं पुडीत बांधून आणला होता. हमीदभाईंनी पुडी उघडून दात उन्हात धरला.

"बाप्पा, हा हालत होता का आधीपासून?"

"थोडासाक."

"कवापासून?"

"पोयापासून."

"जेवताना पडला असता तं कोनावर लिवलं असतं? भाकरीवर?"

म्हातारा आधी रागावला, मग स्वतःच बोळक्यानं हसायला लागला. तक्रार लिहिली गेली. थोबाडीत मारली हे होतं. दात आधीपासून हलत होता हेही होतं.

पण मला त्यांची ओळख खरी पटली ती एका कुऱ्हाडीवरून. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादातून पेटलेला एक माणूस सकाळी साडेदहाला ओट्यावर आला. काखेत पोत्यात गुंडाळलेली, नुकतीच पाजवलेली कुऱ्हाड. "चाचा, लिवून ठेवा. मी आज भावाले तोडून राह्यलो. मागून मी पयालो असं कोनी म्हनाले नको." मी तिथेच होतो. मी कप ठेवून उभा राहिलो. हमीदभाईंनी मात्र नेहमीसारखा कागद चढवला. नाव, वय, गाव, धंदा. भावाचं नाव. वाद कधीपासून. धुरा कोणत्या दिशेचा. किती हात सरकला. आईचं नाव. आई कोणाकडे राहते. ते एकेक विचारत होते, लिहीत होते, खोडत होते, पुन्हा विचारत होते. दीड तास गेला. मधे दोनदा चहा झाला. मग त्यांनी चष्मा काढला.

"आता पाह्य. तुह्या मनात आलं, हा गुन्हा नाही. तू कुऱ्हाड पाजवली, हाही खुनाचा गुन्हा नाही, उद्या तुले लाकडंच फोडाचे असतीन. तू इथवर आला, चहा पेला, आईचं नाव सांगतलं. आतापर्यंत तू माह्यासारखाच मानूस हाय. भावावर हात उचलला का तिथून दुसरं. उचलून चुकला तरी प्रयत्न होते, प्रयत्नाले बी शिक्षा हाय. म्हंजे आता तू ज्या पायरीवर हाय तिथून खाली उतरता येते. पुढच्या पायरीवरून नाही येत."

त्या माणसानं कपातला उरलेला चहा संपवला. तो उठला तेव्हा हमीदभाई म्हणाले, "कुऱ्हाड राहू दे इथं. माह्या घरी लाकडं हायेत फोडाचे." त्यांच्या घरी गॅस होता. पुढच्या आठवड्यात कुऱ्हाडीला नवा दांडा बसवून त्यांनी ती परत केली. तो कागदही त्याच्या हातात दिला. "हे तुहं. मी नक्कल ठेवली नाही."

कागदाविषयी त्यांना आदर होता आणि भीतीही होती. म्हणायचे, "कागदावर गेला का मानूस इसम होते, बाबू. इसमाले घर नसते, लेकरं नसते, काल काय जेवला ते नसते. लिवलं तेवढाच तो उरते."

तर त्या सकाळी माझा चहा संपला आणि हमीदभाई उठले. ओट्याच्या टोकाला त्यांची जुनी मोपेड होती.

"चला. रपटा पाहू."

"तुम्ही पोलीस नाही, हमीदभाई."

"मी पंचनामा कराले नाही जाऊन राह्यलो. तुमाले आठवाले नेऊन राह्यलो."

मी प्लास्टरचा हात पोटाशी धरून मागे बसलो. नऊ किलोमीटर. मला वाटत होतं, तिथे गेलं की चाकाच्या खुणा, पावलं, काहीतरी सापडेल आणि माझा पाच हा आकडा पक्का होईल. सापडलं काही नाही. सकाळीच बकऱ्यांचा कळप त्यावरून गेला होता. रपट्याला एका बाजूनं कठडा नाही, खाली आठ-नऊ फुटांचा खड्डा, तेवढं दिसलं.

हमीदभाईंनी मला मी पडलो होतो त्या जागी, धुळीत, बसायला लावलं. मी पँट झाडत तक्रार केली तर म्हणाले, "पँट धुता येते." मग ते स्वतः बैल होते त्या जागी जाऊन उभे राहिले. एकदा रस्त्याच्या बाजूनं, एकदा खड्ड्याच्या बाजूनं.

"भीमा कोन्या बाजूनं होता? असा? का असा?"

मी पाहिलं. खालून पाहताना बैलांचे पाय आणि चाकच मधे यायचं. मला नक्की सांगता येईना.

"बैल त्यानं थांबवून धरले होते, का बैल मांगं सरकून राह्यले होते आन् त्यानं सावरले?"

"मले दिसलं नाही."

"दिसलं काय तेवढं सांगा."

"हात. वेसणीवर. आन् तोंड."

"बोलला काही? तुमाले? का त्यायले?"

मी डोळे मिटले. तेव्हा आठवलं. काठी बसली, मी पडलो, गाडी हलली आणि कोणीतरी हळू आवाजात म्हणत होतं, "हो रे, हो... हो."

"बैलायले बोलला," मी म्हटलं.

हमीदभाईंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्यासारखं काही नव्हतं. "ह्याच्यानं तो सुटते असं नाही. चोराच्या संगचाही मानूस बैलाले हो म्हनीन. पन तुमी जे आयकलं ते लिवा लागीन. जे नाही पाह्यलं ते नाही लिवा लागीन."

"नाव गाळून टाकू का त्याचं?"

ते एकदम कडक झाले. "नाही. तोंड पाह्यलं ना? मंग नाव लिवा. आज दया म्हनून गाळाल, उद्या राग म्हनून घालाल. कागद तुमच्या मनाचा नाही."

दुपारी दीडला फिर्याद लिहून झाली. मला ती आजही शब्दशः आठवते. 'तोंडास दुपट्टे बांधलेल्या चार अनोळखी इसमांनी गाडी अडवून काठीने मारहाण करून कापसाची दोन गाठोडी नेली. सदर वेळी भीमा नावाचा, माझ्या ओळखीचा इसम बैलांची वेसण धरून उभा होता व बैलांना शांत करीत होता. तो वरील चौघांपैकी होता किंवा कसे, हे मला सांगता येत नाही.' उशीर का झाला तेही पहिल्याच ओळीत होतं. त्यांनी बोट धरून वाचून दाखवलं. मी मान हलवली. "काय वाचलं मी?" त्यांनी मलाही विचारलं. एकोणीस वर्षांच्या कारकुनानं सगळं पुन्हा म्हणून दाखवलं.

गुन्हा जबरी चोरीचा लागला. भीमाला ठाण्यात बोलावलं, दिवसभर बसवलं, जबाब घेतला, संध्याकाळी सोडलं. पुढे दोन माणसं सापडली. कोर्टात उभी राहिली, शिक्षा भोगून परत आली. उरलेले दोघे कोण ते कधीच कळलं नाही. सापडलेल्या दोघांनी भीमाचं नाव घेतलं नाही. मी मनाशी हिशोब जुळवला: म्हणजे तो त्यांच्यातला नव्हता. आपण एका निर्दोष माणसाला वाचवलं. हमीदभाईंना मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "आपन नाही वाचवलं. आपन फक्त बुडवलं नाही," आणि 'ळ' भरायला लागले.

त्यानंतर दरवर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी भीमा न बोलावता माझ्या घरी यायचा. बैलांना नाल्यावर नेऊन धुवायचा, हळद-तुपानं त्यांचे खांदे शेकायचा, जेवायला थांबायचा नाही. बायको म्हणायची, गुणाचा माणूस आहे. मीही तसंच समजत होतो. अशी अकरा वर्षं गेली. अकराव्या वर्षी खांदे शेकून झाल्यावर तो गोठ्याच्या दारात उकिडवा बसला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बाबू, त्या दिशी मी त्यायच्यासंगच आलतो."

मी त्याच्यापाशी खाली बसलो.

"ठरवून आलतो. दुपट्टा बी होता. पन तुमी पडले, बैल बुजले, गाडी मांगं खड्ड्याकडं जाऊन राह्यली होती. त्यायले गाठोडे दिसून राह्यले होते. मले बैल दिसले. दुपट्टा कवा गयाला मले मालूम नाही." मग म्हणाला, "तुमी पाच लिवलं असतं तं खरं होतं."

मला त्याला आणखी काही विचारायचं नव्हतं आणि ठाण्यात जाऊन काही सांगायचंही नव्हतं. पण माझ्या स्वभावात एक खोट आहे. जुळलेला हिशोब चुकीचा निघाला, की तो ज्यानं तपासला त्याला दाखवल्याशिवाय मला झोप येत नाही. हमीदभाई तोवर काम सोडून यवतमाळला मुलीकडे राहायला गेले होते. दम्यानं बेजार होते. मी पोळा झाल्यावर एसटीनं गेलो.

ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. खूप वाळले होते. मला पाहून आनंद झाला, मुलीला चहा टाकायला सांगितला, ऑफिसातल्या एकेका माणसाची चौकशी केली. मग मी सांगितलं. सगळं, भीमाच्या शब्दांत. ते डोळे मिटून ऐकत होते, मधे एकदाही थांबवलं नाही.

"म्हणजे कायद्यानं तो पाचवाच होता ना, हमीदभाई?" मी विचारलं. "आणि मग दरोडाच होता?"

आठ वर्षं ओट्यावर आणि त्यानंतरही कितीतरी वेळा मी त्यांना कायद्याचे प्रश्न विचारले होते. उत्तर आलं नाही असं कधी झालं नव्हतं. मुलीनं चहा आणून ठेवला, तो निवायला लागला. माझी नजर त्यांच्या हातांवर गेली. बोटं खुर्चीच्या दांड्यावर हलत होती, टाइप करताना हलायची तशी, आणि मधेच थांबत होती.

शेवटी ते म्हणाले, "हे तुमी मले सांगाले नाही पाह्यजे होतं, बाबू." आवाजात राग नव्हता. "त्यानं तुमाले सांगतलं, त्याचं मन हलकं झालं. तुमी मले सांगतलं, तुमचं झालं. आता मी कोनाले सांगू?"

मला फार ओशाळल्यासारखं झालं. चहा घेऊन मी उठलो. मुलगी नको नको म्हणत असताना ते काठी घेऊन माझ्याबरोबर बाहेर आले. गल्लीच्या तोंडापर्यंत साधारण चाळीस पावलं असतील, त्यात ते तीनदा थांबले. मी रिक्षाला हात केला. ते भिंतीला टेकून उभे होते, छाती वरखाली होत होती. मला वाटलं, त्यांना काही बोलायचं नाही. रिक्षा सुरू झाली तेव्हा त्यांनी काठी उचलून तिला थांबवलं, दोन पावलं जवळ आले, श्वास जुळवला आणि म्हणाले,

"भीमाले माहा सलाम सांगा."